एका बाहीचा स्वेटर

सोमवार, ४ नोव्हेंबर

ही डायरी मुलीने जानेवारीत दिली होती. "बाबा, रोज चार ओळी लिहीत जा, डोकं शाबूत राहतं," म्हणाली. डोकं शाबूत असल्यामुळे आजवर लिहिली नाही. आज मात्र दोन गोष्टी घडल्या आणि त्यातली एक कुणालाच सांगता येत नाही, तेव्हा ती कागदाला सांगतो.

पहिली गोष्ट गावभर सांगण्यासारखी. रेकॉर्ड कंपनीच्या बाईंचा फोन आला. आमच्या जॅझ क्लबात, लोकांसमोर, माझा कार्यक्रम रेकॉर्ड करायचं नक्की झालं. तेवीस आणि चोवीसला, शनिवार-रविवार, दुपारी चारला. दुपारी अशासाठी, की माझे श्रोते आता संध्याकाळनंतर पेंगतात. माझ्या आजवरच्या सगळ्या रेकॉर्डी बंद खोलीतल्या. आणि गेली चाळीस वर्षं मी भेटेल त्याला सांगत आलोय की माझा खरा सूर बंद खोलीत लागतच नाही, समोर माणसं बसली की लागतो. आता ते दाखवून द्यायची वेळ आली. नाही जमलं तर चाळीस वर्षांच्या फुशारक्या दोन दुपारींत उघड्या पडतील.

दुसरी गोष्ट. फोन ठेवला, आनंदाने टोस्टचा मोठा तुकडा तोंडात टाकला आणि वरचा समोरचा दात हलला.

टेनर सॅक्सोफोन न वाजवणाऱ्याला यात एवढं काय ते कळणार नाही. माउथपीस तोंडात धरताना खालच्या ओठावर रीड, म्हणजे वेताची पातळ पट्टी, येते आणि वरचे दात थेट माउथपीसवर टेकतात. सगळा डोलारा त्या दोन दातांवर. त्यातला एक हलतोय. कंपनीला कळलं तर म्हणतील, "तब्येत सुधारू दे, मग बघू." माझ्या वयाच्या माणसाला 'बघू' म्हणजे काय ते चांगलं कळतं. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची. हिलासुद्धा सांगायचं नाही.

बुधवार, ६ नोव्हेंबर

हिला सांगितलं रीड आणायला चाललोय आणि दातांच्या डॉक्टरकडे गेलो. पोरगेलासा डॉक्टर आहे. दात दोन बोटांत धरून त्याने दाराची कडी हलवावी तसा हलवला.

"आजोबा, काढून टाकू. प्लेट बसवू. मस्त दिसाल."

"वाजवता येईल?"

"येईल की. पाच-सहा महिन्यांत सवय होईल."

मी म्हटलं, मला पाच-सहा आठवडेही नाहीत. बरीच घासाघीस झाली. शेवटी त्याने कसलीशी तार आणि लुकण लावून हलता दात शेजारच्या धडधाकट दाताला बांधला. "यावर जोर द्यायचा नाही, कडक काही खायचं नाही. आणि तो भोंगा तर अजिबात तोंडाला लावायचा नाही," असं बजावलं. मी 'बरं' म्हणालो. डॉक्टरला माणसाने नेहमी 'बरं' म्हणावं.

येताना रीड आणायला विसरलो. नशीब, हिने काही विचारलं नाही.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

घरात हल्ली सगळं मऊ. काल सूप. आज बटाटा उकडून, वर कुस्करून. ब्रेडच्या कडा कापलेल्या. संध्याकाळी तर हिने सफरचंद किसून पुढे ठेवलं. मी काय तान्हा आहे?

मग लक्षात आलं. हिचेच दात गेलेत! वय कुणाला चुकलंय. स्वतःला चावत नाही म्हणून सगळ्यांना मऊ, आणि सांगायचा संकोच. मी मुकाट्याने किसलेलं सफरचंद चमच्याने खाल्लं आणि वर "छान लागतंय" म्हणालो. इतकी वर्षं संसार केला, एवढं तरी समजून घ्यायला हवं.

रविवार, १० नोव्हेंबर

मास्तरकडे तालीम. मास्तर म्हणजे आमचा पियानोवाला. मुलांच्या शिकवण्या घेतो म्हणून मास्तर, एरवी माझ्याहून टवाळ. मिसरूड फुटायच्या आधीपासून आम्ही एकत्र वाजवतोय. त्याच्या दिवाणखान्यात पियानो, सोफा आणि आम्ही चौघं मावतो, पण कुणीतरी एकाने श्वास आत घेऊन उभं राहावं लागतं. ते काम बासवाला करतो. तो इतका उंच आणि इतका गप्प आहे की आम्ही त्याला खांब म्हणतो. चौथी चिमणी. मुठीएवढी पोरगी, पण ड्रमवर बसली की खिडक्यांच्या काचा थरथरतात.

मास्तरने 'लिफ्ट बंद आहे' खालच्या पट्टीत सुरू केलं. हे माझं सगळ्यात गाजलेलं गाणं. आमच्या इमारतीची लिफ्ट महिनाभर बंद होती तेव्हा सॅक्सोफोन खांद्यावर मारून जिने चढताना सुचलं होतं. प्रत्येक फेरीला सूर एकेक मजला चढतो आणि शेवटी गच्चीवर जाऊन किंचाळतो. खालच्या पट्टीत ते चौथ्या मजल्यावरच संपलं.

"हे काय?" मी विचारलं.

"बोटं दुखतात रे," मास्तर म्हणाला. "खाली जरा बरं पडतं."

मग बाकीची गाणीही खाली उतरवली, दोन तर गाळूनच टाकली. बिचाऱ्याला संधिवात झालेला दिसतोय. मी अवाक्षर काढलं नाही. शिवाय खाली वाजवताना माझ्या दातालाही आराम पडला, म्हणजे दोघांचं भलं झालं.

ही आणि मास्तर हल्ली फोनवर फार बोलतात. मी खोलीत आलो की फोन ठेवतात. माझ्या वाढदिवसाचा काहीतरी बेत शिजतोय. वाढदिवस मे महिन्यात असतो, पण ही पहिल्यापासून सगळं वेळेआधी करते.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

दात ठणकतोय. वाजवताना डोक्यात घण बसतात.

स्वयंपाकघरात रियाज करत होतो. ही गवार मोडता मोडता एकदम म्हणाली, "तुमचे गुरुजी वेगळं धरायचे ना हो तोंडात?"

"गुरुजींच्या तोंडात दातच नव्हते," मी म्हटलं. खरंच नव्हते. वाजवायला बसण्याआधी ते कवळी काढून पियानोवरच्या पाण्याच्या ग्लासात ठेवायचे, मग वरचा ओठही आत दुमडायचे आणि दोन्ही ओठांच्या मध्ये माउथपीस धरायचे. आम्हालाही तसंच शिकवायचे. म्हणायचे, "दातही आपले, ओठही आपले, पण सूर ओठाचं ऐकतो." मी तीन वर्षं तसं वाजवलं. ओठ सोलून निघायचा, आवाज गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा जायचा नाही. त्यांच्याकडून सुटलो त्या दिवशी दात टेकवले ते आजतागायत.

"ती म्हाताऱ्यांची पद्धत," मी हिला सांगितलं.

"बरं," ही म्हणाली आणि गवार मोडू लागली.

ही बाजारात गेल्यावर सहज गंमत म्हणून तसं वाजवून पाहिलं. ओठ लगेच थरथरला. पण ठणका लागला नाही.

बुधवार, १३ नोव्हेंबर

पुन्हा गंमत म्हणून.

शनिवार, १६ नोव्हेंबर

क्लबात रेकॉर्डिंगवाली आली होती. कानावर हेडफोन, गळ्यात वायरी, आणि कपाळावर कायमची आठी. दर खुर्चीत बसून टाळ्या वाजवून बघत होती. लोकांचा आवाज पकडायला तिने दोन माइक पुढच्या रांगेसमोर लावले. डावीकडचा नेमका हिच्या खुर्चीपुढे.

ही माझ्या प्रत्येक कार्यक्रमाला येते, त्याच खुर्चीत बसते आणि विणते. वांगी रंगाचा स्वेटर आहे, माझ्यासाठी. फक्त कार्यक्रमातच विणते. घरी वेळ होत नाही म्हणते. सुरू केला तेव्हा मुलीचं लग्न व्हायचं होतं. आता नात शाळेत जाते. कित्येक वर्षं एका बाहीवर अडला होता. मित्र मला विचारायचे, "दुसरा हात कापून टाकणार आहेस का?" या वर्षी मात्र हिचा हात बसला. दुसरी बाही वर्षभरात झरझर कोपरापर्यंत आली. हिवाळा संपायच्या आत मिळेल असं दिसतं.

हिला संगीताचं फारसं काही नाही. माझी 'छत्री' ही मंद लयीतली धून आहे ना, ती हिच्यावरच केलेली. पहिल्या भेटीत ही आपली छत्री माझ्याकडे विसरून गेली होती, ती परत करण्याच्या निमित्ताने मी लग्नापर्यंत पोचलो. आजवर त्या धुनेबद्दल हिने एक शब्द काढलेला नाही.

रेकॉर्डिंगवाली म्हणाली, "बाईंच्या सुया स्टीलच्या आहेत. माइकमध्ये टिकटिक येईल. सांगाल का त्यांना?"

मी म्हटलं, तुम्हीच सांगा. तिने सांगितलं. ही गोड हसली.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

झोप नाही. भूक नाही. तार सैल झालीय असं वाटतं. जिभेने चाचपू नये हे कळतं, पण जीभ ऐकत नाही.

शनिवार, २३ नोव्हेंबर

झालं! पहिला दिवस निर्विघ्न पार पडला. क्लब भरला होता. एकही सूर चुकला नाही, एकही किंचाळी फुटली नाही, दात जागच्या जागी. 'लिफ्ट' चौथ्या मजल्यापर्यंत व्यवस्थित गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कंपनीच्या बाई म्हणाल्या, "अगदी स्वच्छ आलंय." मास्तर म्हणाला, "आता घरी जा, आराम कर." चिमणीने तर माझ्या पाठीवर थाप मारली, अगदी हळू, दुखणेकऱ्याला मारावी तशी.

हिला विचारलं, "कसं झालं?"

"बाही झाली की बरीच," म्हणाली.

रविवार, २४ नोव्हेंबर, सकाळ

रेकॉर्डिंगवालीने कालचं ऐकायला पाठवलं. चहा घेत ऐकायला बसलो.

कोण आहे हा माणूस? एक म्हातारा कठडा धरून जिना उतरतोय. प्रत्येक सुराआधी पायरी चाचपतोय. पडत नाही, घसरत नाही आणि कुठे पोचतही नाही. हेच जर मी लोकांसमोर वाजवतो, तर बंद खोली काय वाईट होती? चाळीस वर्षं मी ज्याच्याबद्दल बोलत होतो तो सूर त्यात औषधालाही नव्हता. फार वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, हेही लिहून टाकतो.

त्यातून माझ्या सोलोभर ती टिकटिक! हिच्यावर उगाच खेकसलो, "आज तरी विणू नकोस."

"तुम्ही वाजवा," ही म्हणाली. "मग बघू."

नाचता येईना अंगण वाकडं, असं तिच्या जागी मी म्हटलं असतं.

आज 'लिफ्ट' गच्चीवर न्यायची. मग दाताचं काय व्हायचं ते होवो.

सोमवार, २५ नोव्हेंबर

कालचं क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

सुरुवातीलाच मास्तरच्या कानात सांगितलं, "'लिफ्ट' मूळ पट्टीत." त्याने माझ्या खांद्यावरून पुढच्या रांगेकडे पाहिलं. मग मान हलवली.

"बोटं दुखली तर सांग," मी म्हटलं.

"कुणाची?" मास्तर म्हणाला.

आणि निघालो. दात ठणकत होता तो ठणकू दिला. पहिला मजला, दुसरा, तिसरा. चौथ्यावर मास्तरने माझ्याकडे बघितलं, मी थांबलो नाही. चिमणी मागून असा रेटा देत होती की थांबलो असतो तर तुडवला गेलो असतो. किती महिन्यांनी मजा आली! गच्चीच्या दाराशी पोचलो, शेवटच्या सुरासाठी दाबून धरलं, आणि कट्. सॅक्सोफोन शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा ओरडला. दात जिभेवर.

चिमणीने क्षणभर ड्रम बडवून सांभाळून घ्यायचा प्रयत्न केला, खांबाने साथ दिली, मग तेही थांबले. मी दात तळहातावर काढून घेतला आणि उभा राहिलो. समोर भरलेला क्लब. रेकॉर्डिंग चालू. कंपनीच्या बाई उठून उभ्या. संपलं, एवढंच मनात आलं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून आवाज आला. 'बाहेर जाताय तर कचरा घेऊन जा' हे ज्या सुरात सांगते, अगदी त्याच सुरात ही म्हणाली, "अहो, दात खिशात ठेवा आणि वाजवा."

सगळा क्लब हसला. आधी पुढची रांग, मग भिंतीपर्यंत. खांबसुद्धा हसला. मीही हसलो, खिंडारासकट. दात खिशात ठेवला. आणि मास्तरने, मला न विचारता, 'छत्री' सुरू केली.

वरचा ओठ दुमडला. गुरुजींसारखा. जे निघालं तो माझा नेहमीचा आवाज नव्हता. बारीक, खालचा, कुणी शेजारी बसून बोलावं तसा. फार सूर घेता येत नव्हते, ओठ लटपटत होता, म्हणून जेवढे लागतील तेवढेच घेतले आणि बाकीची जागा मोकळी सोडली. इतकी वर्षं मी त्या धुनेत काय काय भरत होतो कुणास ठाऊक. संपल्यावर कुणीच टाळी वाजवली नाही. मी घाबरलो. मग टाळ्या वाजल्या.

कार्यक्रमानंतर मागच्या खोलीत दातांचा डॉक्टर हजर! हातात बॅग. "तुम्ही इथे कसे?" मी विचारलं.

"मला जॅझ आवडतं," तो हिच्याकडे बघत म्हणाला. माणसाला आवड असावी. त्याने तिथेच दिव्याखाली तोंड तपासलं आणि ओरडला मात्र नाही.

घरी आल्यावर हिला विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"रीड आणायला गेलात आणि हात हलवत आलात तेव्हापासून."

"आणि मास्तरला?"

"त्यांना मी सांगितलं. चिमणीला त्यांनी. खांबाला कुणी सांगितलं नाही, त्याला आपणहून कळलं."

"म्हणजे मास्तरला संधिवात नाही?"

"कसला संधिवात! परवा लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडून दिलं त्यांनी मला."

"अगं, मला वाटलं तुझेच दात गेलेत. सफरचंद किसून देत होतीस म्हणून."

हिने टोपलीतलं सफरचंद उचललं, माझ्याकडे बघत करकचून चावा घेतला आणि शेवटपर्यंत खाल्लं. मग म्हणाली, "तुम्हाला किसून देऊ?"

बुधवार, ४ डिसेंबर

रेकॉर्डिंगवालीच्या खोलीत गेलो होतो. भिंतींना गाद्या लावलेली, खिडकी नसलेली खोली. कंपनीच्या बाईही होत्या. त्यांचं ठरलंय: रविवारचंच घ्यायचं, किंचाळीसकट. 'छत्री' ऐकून त्यांनी रुमाल काढला होता म्हणे.

"एकच अडचण आहे," रेकॉर्डिंगवाली कपाळाची आठी आणखी आवळून म्हणाली. "सुया. शनिवारचं नाहीतरी वापरणार नाही, पण ऐका तर खरं." आणि तिने हिच्या समोरचा माइक तेवढा मोठा केला.

शनिवार. मास्तरच्या सोलोत टिकटिक. चिमणीच्या सोलोत टिकटिक. माझा सोलो सुरू झाला, टिकटिक टिकटिक, एका लयीत, न थांबता, शेवटपर्यंत.

मग रविवार. मास्तर वाजवतोय, टिकटिक. मी 'लिफ्ट' उचलली. पहिला मजला, टिक. टिक. दुसऱ्या मजल्यावर सुया थांबल्या. त्या थांबल्या त्या थांबल्याच. 'छत्री'त पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत काहीच नाही. टाळ्या पूर्ण विरल्यावर एकच टिक.

"रविवारी बाईंनी ऐकलं वाटतं माझं," रेकॉर्डिंगवाली म्हणाली.

मला मात्र स्वेटर दिसत होता. कित्येक वर्षं एका बाहीवर अडलेला, आणि या एका वर्षात कोपरापर्यंत आलेली दुसरी बाही. दात नोव्हेंबरात हलला. बाही जानेवारीपासून वाढत होती. म्हणजे वर्षभर मी कठडा धरून वाजवत होतो आणि दाताचा त्यात काही दोष नव्हता. फार लाज वाटली. आणि मग त्या आधीच्या सगळ्या वर्षांचा हिशेब लागला, जेव्हा बाही तसूभरही सरकली नव्हती, आणि इतका आनंद झाला की मला पाणी मागावं लागलं.

"तो मधला आवाज काढून टाकू ना?" रेकॉर्डिंगवालीने विचारलं. "दात खिशात ठेवा, तो?"

"हवं तर माझा एखादा सोलो काढा," मी म्हटलं. "ते राहू दे."

कंपनीच्या बाईंना रेकॉर्डचं नाव 'दुपारचे सूर' ठेवायचं होतं. आता 'दात खिशात' ठरलंय.

शनिवार, १५ फेब्रुवारी

रेकॉर्ड बाहेर पडली. त्यानिमित्ताने आज क्लबात कार्यक्रम. वाजवण्याआधी मी नवी प्लेट काढून मास्तरच्या पियानोवर पाण्याच्या ग्लासात ठेवली. गुरुजी असते तर त्यांनी बोळकं पसरून हसून घेतलं असतं. 'छत्री'च्या आधी सगळा क्लब एकसुरात ओरडला, "अहो, दात खिशात ठेवा आणि वाजवा!" ही लाजून विणकामात तोंड खुपसून बसली.

आता वाजवताना माझा एक कान त्या खुर्चीकडे असतो. आज एका गाण्यात चिमणीवर छाप पाडायला मी उगाच भराभर सूर ओतत सुटलो. टिकटिक सुरू. लगेच आवरतं घेतलं, दोन सूर टाकले, तिसऱ्यासाठी थांबलो. टिकटिक बंद. हिला हे सांगितलेलं नाही. ही तीन आठवडे माझं गुपित सांभाळत होती, आता मी हिचं सांभाळतो.

घरी आल्यावर हळूच पिशवी उघडून पाहिली. बाही नोव्हेंबरात होती तिथेच, फार तर दोन ओळी पुढे.

"या हिवाळ्यातही काही होत नाही तुमचा स्वेटर," ही मागून म्हणाली.

"असू दे," मी म्हटलं. "मला कुठे एवढी थंडी वाजते!"

थंडी कडाक्याची आहे. हे लिहितानाही जुना कोट घालून आणि पायांवर पांघरूण घेऊन बसलोय. देव करो आणि तो स्वेटर माझ्या अंगावर कधीच न चढो.